ब्लायश्टिफ्टमधला हरवलेला पांढरा

प्रश्न असा आला आहे: जर्मनमध्ये शिसे, म्हणजे ‘ब्लाय’, नपुंसकलिंगी, मग ‘ब्लायश्टिफ्ट’ (शिसपेन्सिल) पुल्लिंगी कसा? जर्मन समासाचं लिंग शेवटचं पद ठरवतं आणि खुंटी, कांडी या अर्थाचा ‘श्टिफ्ट’ पुल्लिंगी आहे, म्हणून. हाच ‘श्टिफ्ट’ नपुंसकलिंगी वापरला तर अर्थ होतो मठ, तेव्हा लिंग जपून वापरा. आणि ‘ब्लायस्टिफ्ट’ म्हणणं आता तरी थांबवा. पदाच्या आरंभीच्या ‘स्ट’चा उच्चार तिथे ‘श्ट’ होतो.

खरी गंमत पुढे आहे. ‘ब्लाय अधिक श्टिफ्ट, झाली शिशाची कांडी’ एवढी फोड करून हात झटकणाऱ्यांचा मला राग येतो. या शब्दातलं मधलं पद गळून पडलंय! सतराव्या शतकातला मूळ शब्द ‘ब्लायवाइसश्टिफ्ट’. जर्मनीतल्या न्यूर्नबर्ग शहराच्या दप्तरात १६६२ साली फ्रीडरिश श्टेटलर याचा धंदा हाच लिहिलेला आहे, ‘ब्लायवाइस’च्या कांड्या करणारा. ‘वाइस’ म्हणजे पांढरा आणि ‘ब्लायवाइस’ म्हणजे सफेदा, शिशापासून केलेला रंगाऱ्यांचा पांढरा रंग. काळी रेघ ओढणाऱ्या वस्तूच्या नावात चक्क पांढरा!

काही जण सांगतात, पूर्वी खऱ्या शिशाच्या कांडीने रेघा आखत, तिचंच नाव ग्राफाइटला, म्हणजे आजच्या पेन्सिलीतल्या काळ्या पदार्थाला, चिकटलं. आखत होते, कबूल. पण मग हा पांढरा आला कुठून, ते सांगा ना! मला वाटतं, नाव दुकानात पडलं असावं. रंगवाल्याच्या फळीवर सफेद्याशेजारी हा काळा, शिशासारखा चकाकणारा दगड ठेवलेला असणार, आणि गिऱ्हाइकाने दोन्ही एकाच नावाने मागितले असणार. पुरावा नाही, पण सफेद्याचा हिशेब फक्त याच तर्काने लागतो.

ग्राफाइट म्हणजे शिसं नव्हे, कार्बन, हे रसायनशास्त्रज्ञ शेलेने १७७९ मध्ये दाखवलं. ‘ग्राफाइट’ हे नाव खनिजतज्ज्ञ वेर्नरने १७८९ मध्ये ‘लिहिणे’ या अर्थाच्या ग्रीक धातूवरून दिलं. तोवर शब्द पक्का रुळला होता.

आपली ‘शिसपेन्सिल’ जर्मनवरून आलेली नाही, ती सरळ इंग्रजी ‘लेड पेन्सिल’चं भाषांतर दिसते, पाटीवरच्या पेन्सिलीपासून वेगळी ओळखायला सोयीची. चूक मात्र तीच. म्हणून मुलाच्या बोटात टोक घुसलं की अजूनही घरोघरी ऐकू येतं, ‘अगं, शिसं अंगात भिनेल!’ जखम धुवा, टोक काढा. त्यात शिसं नाही.