पायथनने साइटवरची पानं आणि फोटो उतरवायला रिक्वेस्ट्स पुरतं की सेलेनियमच लागतं?

रिक्वेस्ट्स, म्हणजे पत्त्यावरून पान थेट मागवणारी पायथनची लायब्ररी, पुरतं; सेलेनियम म्हणजे खरा ब्राउझरच कोडने चालवणं. नुसती पानं हवी असतील तर कोडही लिहू नका, डब्ल्यूगेट या कमांडचं मिरर चालवा, ते अख्खी साइट उतरवतं. पण "सेलेनियमच लागतं" हे वाक्य मी नागपुरातल्या परसोडीच्या आयटी पार्कात इतकं ऐकलंय की तुमचा प्रश्न पाहून राहवलं नाही.

इतवारीतले एक साडीवाले शेठ आमचे गिऱ्हाईक. त्यांची वेबसाइट बनवणारा फोन उचलेना, होस्टिंग संपत आलेलं, आणि साड्यांचे सगळे फोटो डीलर लॉगिनच्या मागे अडकलेले. आमच्या सीनियर सरांनी सेलेनियम लावलं. क्रोम आपोआप उघडतंय, लॉगिन करतंय, पानं सरकताहेत. शेठ बघूनच खूश. सकाळी फोल्डरभर जेपीजी, पण एक उघडेल तर शपथ. "तुमच्या सर्व्हरचाच लोचा आहे," सरांनी सांगून टाकलं. शेठ म्हणाले, "काहून जी, माह्या मोबाइलवर तर दिसून राहिले!"

मी फाइलींची साइज पाहिली. सगळ्यांची एकच. वेगवेगळ्या साड्यांचे फोटो बाइटला बाइट सारखे भरतील कसे? एक फाइल नोटपॅडमध्ये उघडली तर आत एचटीएमएल, चक्क लॉगिनचं पान. लॉगिन केलं होतं क्रोमने, पण फोटो उतरवायला सरांनी वापरलं यूआरएलरिट्रीव्ह, पायथनचं फाइल उतरवायचं वेगळं फंक्शन. त्याला क्रोमच्या कुकीज, म्हणजे लॉगिन झाल्याची खूण, कोण देणार? सर्व्हरने त्याला लॉगिनकडे वळवलं, तिथून "सगळं ठीक" सांगणारा २०० कोड आला, आणि स्क्रिप्टने तेच पान साडी समजून सेव्ह केलं.

मी रिक्वेस्ट्सचं सेशन घेतलं, फॉर्ममधलं लपलेलं टोकन (सर्व्हरने फॉर्मसोबत दिलेली खूण) उचलून लॉगिन पोस्ट केलं. पुढे कुकीज सेशनच सांभाळतं. कंटेंट-टाइप, म्हणजे सर्व्हरने सांगितलेला फाइलीचा प्रकार, इमेजचा नसेल तर फाइल लिहायचीच नाही, ही एक अट टाकली. पानाच्या कोडमध्ये फोटोच्या एसआरसीत बोटभर थंबनेल होतं, मोठा फोटो डेटा-एसआरसीत. अर्धवट पत्ते यूआरएलजॉइनने पूर्ण केले. सगळे फोटो आले. तरी मीटिंगमध्ये सर म्हणतात, "नशीब म्हणून जमलं, आजकाल सगळं जावास्क्रिप्टमध्ये असतं."

असतं ना सर. पण ती जावास्क्रिप्ट डेटा कुठून आणते? ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समधला नेटवर्क टॅब उघडून बघायचे कष्ट घेतले तर बहुतेकदा मागे एक जेसॉनची, म्हणजे नुसत्या डेटाची, लिंक सापडते. तीच थेट मागवायची. क्रोम आपोआप चालताना गिऱ्हाइकावर छाप पडते, बाकी त्यात काही नाही. ज्याला रिक्वेस्ट आणि रिस्पॉन्स वाचता येत नाही, तो आधी सेलेनियम उघडतो, हे माझं मत आजही कायम आहे.

हं, काही साइटींवर खरंच ब्राउझर लागतो, ते नाकारत नाही. रिक्वेस्ट्स वापरताना टाइमआउट, म्हणजे उत्तराची वाट किती वेळ पाहायची ते, स्वतः द्या. रिक्वेस्ट्स आपणहून देत नाही आणि स्क्रिप्ट लटकून बसते. "फार वेळा मागितलंत" सांगणारा ४२९ कोड आला तर रिट्राय-आफ्टर हेडर आलाय का पाहा आणि तेवढं थांबा. साइट दुसऱ्याची असेल तर स्क्रिप्टने कुठे जाऊ नये हे सांगणारी तिची रोबोट्स डॉट टीएक्सटी फाइल आधी वाचा. १९९४ पासूनची रीत आहे, २०२२ मध्ये तिचा आरएफसी ९३०९ (इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज) सुद्धा निघाला. आमच्याकडे फोटो शेठचेच होते आणि सांगणारेही शेठच. तुमच्या प्रश्नात साइट कोणाची ते लिहिलेलं नाही.