क्वीन या ब्रिटिश बँडच्या ‘बोहेमियन रॅप्सडी’ गाण्यातला ऑपेराचा भाग १९७५ साली कसा रेकॉर्ड केला? आम्हा तिघांच्या बँडला तो घरी जमेल का?

जमेल. मूळ गाण्यातही गाणारे तिघंच होते: फ्रेडी मर्क्युरी, ब्रायन मे आणि रॉजर टेलर. जॉन डीकनने बास वाजवला, कोरसमध्ये त्याचा आवाज नाही. सिंथेसायझर अजिबात नाही, आणि ऐकताना जी माणसांची गर्दी जाणवते ती याच तीन गळ्यांची आहे.

बहुतेक बँड इथेच फसतात. ‘तिघं आहोत, म्हणजे एकाने वरचा सूर घ्यायचा, एकाने मधला, एकाने खालचा’ अशी वाटणी करतात. अशाने तीन माणसं गाताना ऐकू येतात, कोरस ऐकू येत नाही. क्वीनची पद्धत वेगळी होती. कॉर्डमधला (एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या गटातला) एकच सूर तिघांनी मिळून गायचा, तोच पुन्हा पुन्हा रेकॉर्ड करायचा आणि मग पुढच्या सुराकडे जायचं. वरच्या सुरात टेलरची धार जास्त, मधल्यात मर्क्युरीचं वजन, खालच्यात मेची गोलाई. पण प्रत्येक थरात तिघंही आहेत. तो एकजीव आवाज यातून येतो, मायक्रोफोन कोणता हा प्रश्न फार नंतरचा.

आता टेपचं गणित. रेकॉर्डिंग ऑगस्ट १९७५ मध्ये वेल्समधल्या मॉनमथजवळच्या रॉकफिल्ड स्टुडिओत सुरू झालं, पुढचं काम लंडनच्या स्टुडिओंत. निर्माता रॉय थॉमस बेकर, इंजिनिअर माइक स्टोन. हाताशी २४ ट्रॅकची टेप, म्हणजे २४ वेगवेगळी रेकॉर्डिंग शेजारी शेजारी मावतील अशी. त्यातले बरेच ट्रॅक पियानो, बास आणि ड्रम्सनी आधीच खाल्लेले. म्हणून एक सूर तीनदा गायचा, ते तीन ट्रॅक एकावर उतरवायचे, मोकळ्या झालेल्या जागेत दुसरा सूर, मग तिसरा, आणि शेवटी हे तीन गठ्ठे पुन्हा एकत्र. याला बाउन्स करणं म्हणतात. काही आवाज अशा रीतीने आठव्या पिढीची कॉपी होऊन अंतिम मिक्सपर्यंत पोचले. १८० ओव्हरडबचा (आधीच्या रेकॉर्डिंगवर चढवलेल्या नव्या थरांचा) आकडा सगळीकडे फिरतो. तो खरा धरला तरी १८० ट्रॅक एकाच वेळी कधीच वाजत नव्हते.

बाउन्सची किंमत दोन प्रकारे मोजावी लागते. प्रत्येक कॉपीत आधीची खरखर तशीच पुढे येते, वर नव्या टेपची भर पडते आणि उंच सुरांतली चमक थोडी बोथट होते. शिवाय टेप हेडवरून हजारदा घासली की तिच्यावरचा ऑक्साइडचा थर झिजतो. ही टेप उजेडात धरली तर आरपार दिसायची, असं मे सांगतो. दुसरी किंमत जास्त बोचरी: एकदा तीन आवाज एका ट्रॅकवर उतरले की त्यांचा आपसातला तोल कायमचा ठरला. वरचा सूर जरा कमी हवा होता असं नंतर वाटून उपयोग नाही. मला विचाराल तर या गाण्याच्या ठामपणाचं निम्मं श्रेय या सक्तीला आहे.

ऑपेराचा भाग साधारण ३ मिनिटं ५ सेकंदांवर सुरू होतो आणि ४ मिनिटं ७ सेकंदांपर्यंत चालतो. बेकरने त्यासाठी सुरुवातीला टेपचा छोटासाच तुकडा सोडला होता. मर्क्युरी रोज येऊन ‘गॅलिलिओ’ या शब्दाच्या आणखी काही हाका वाढवायचा आणि बेकर टेप कापून नवा तुकडा चिकटवायचा. तेवढ्या एका भागाला सुमारे तीन आठवडे लागले. लांबी आधी ठरवून केलेलं हे काम नव्हे, हे लक्षात ठेवलं तर त्यातली अचानक वळणं कळतात. गिटारचा सोलो ई-फ्लॅटच्या पट्टीत, त्यानंतर पियानो एकदम ए मेजरमध्ये टकटक सुरू करतो. शेवटी बी-फ्लॅटवर आणून ठेवलेला कोरस पुढच्या रॉक भागाच्या ई-फ्लॅटमध्ये सरळ कोसळतो.

तुम्ही करताना असं करा. आधी पियानोचा मार्गदर्शक ट्रॅक पक्का करा. संपूर्ण गाण्याला एकच क्लिक (ठेका मोजणारी टिकटिक) लावू नका, ठोका जागोजागी बदलतो. ऑपेराचा भाग स्वतंत्र प्रोजेक्टमध्ये घेतलेला बरा. एक कार्डिऑइड (मुख्यतः समोरचा आवाज पकडणारा) मायक्रोफोन मध्ये ठेवून तिघं त्याच्यासमोर अर्धवर्तुळात, ३० ते ४० सेंटिमीटरवर उभे राहा. ज्याचा आवाज भेदक त्याने एक पाऊल मागे. एक सूर, तीन टेक (तीनदा रेकॉर्ड). प्रत्येक टेकला जागा बदला. तीन गुणिले तीन म्हणजे एका सुराला नऊ आवाज, तीन सुरांच्या कॉर्डला २७. हेडफोनचा एक कान उघडा ठेवा, नाहीतर प्रत्येक जण स्वतःपुरताच सुरात राहतो.

बिघडतं ते मुख्यतः व्यंजनांवर. २७ वेळा म्हटलेला ‘स’ किंवा ‘ट’ एका क्षणी पडला नाही तर वाळू सांडल्यासारखा आवाज येतो. उपाय जुना आहे: शब्दाचं शेवटचं व्यंजन एकानेच उच्चारायचं, बाकीच्यांनी स्वरावरच थांबायचं. आवाजात कंप नको, सरळ सूर लावा. आपल्याकडे गाणं शिकलेल्यांना मींड आणि हरकत आवरणं जड जातं, पण इथे ती एकाने जरी घेतली तरी थर फाटतो.

टेक कॉपी करून थोडा पुढे-मागे सरकवणं हा शॉर्टकट अजिबात वापरू नका. एकच ध्वनी स्वतःशीच आदळून पोकळ, नळीतून आल्यासारखा होतो. सूर आपोआप दुरुस्त करणाऱ्या ऑटोट्यूनचंही तेच. सगळे थर शंभर टक्के सुरात ओढले की माणसं जातात आणि ऑर्गन उरतो. फार बेसूर टेक असेल तर पुन्हा गा. प्रत्येक सुराचे टेक जमले की ते एकाच स्टीरिओ ट्रॅकवर उतरवा आणि मूळ टेक बंद करून टाका. संगणकाला याची गरज नाही, तुम्हाला आहे.

टेलरचा सर्वांत वरचा बी-फ्लॅट, ‘फॉर मी’च्या शेवटचा, पुरुषाच्या साध्या आवाजात निघत नाही; तो फॉल्सेटोत, म्हणजे पातळ, उसन्या उंच आवाजात लागतो. कुणाला जमत नसेल तर सोप्रानो आवाजाची मैत्रीण बोलवा, घसा फाडून घेऊ नका. ‘गॅलिलिओ’च्या हाका डाव्या-उजव्या बाजूला वाटल्या आहेत, तेवढं पॅनिंग पाळा. मिक्स झालं की मोनो करून (दोन्ही बाजू एकत्र करून) फोनच्या स्पीकरवर ऐका. कोरस बारीक झाला तर थरांत कुठेतरी फेजचा घोळ आहे, म्हणजे ध्वनिलहरी एकमेकींना कापताहेत.

या गाण्याच्या पुढच्या प्रवासाबद्दलही थोडक्यात. जवळपास सहा मिनिटांचं गाणं रेडिओ वाजवणार नाही अशी ईएमआय या रेकॉर्ड कंपनीला धास्ती होती. डीजे केनी एव्हरेटने ते कॅपिटल रेडिओवर एका वीकेंडात १४ वेळा वाजवलं. ब्रिटनमध्ये नऊ आठवडे पहिला क्रमांक, मर्क्युरी गेल्यावर १९९१ मध्ये पुन्हा पाच आठवडे. ब्रूस गॉवर्सने काही तासांत चित्रित केलेल्या व्हिडिओला ‘जगातला पहिला म्युझिक व्हिडिओ’ म्हणतात ते चूक, बीटल्सने आधी केले होते. आणि पाचगणी: तिथल्या सेंट पीटर्स शाळेत फारुख बलसारा, म्हणजे पुढचा फ्रेडी मर्क्युरी, पियानो शिकला आणि ‘द हेक्टिक्स’ या बँडमध्ये वाजवायचा, हे खरं. गाण्यात ‘बिस्मिल्ला’ येतं म्हणून त्यात हिंदुस्थानी राग शोधणारे लेख मात्र सोडून द्या.

स्टेजवर हा भाग गायचा बेत असेल तर नका करू. क्वीननेही तो कधी पूर्ण गायला नाही. ते ऑपेरा सुरू होताच आत जायचे, टेप वाजायची, आणि रॉक भागाच्या रिफवर (गिटारच्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या तुकड्यावर) परत यायचे. १९८५ च्या लाइव्ह एड मैफलीत तर बॅलडचा (सुरुवातीचा संथ) भाग संपवून थेट पुढच्या गाण्याला हात घातला. तुम्ही तयार केलेला मिक्स लॅपटॉपवरून सोडा, ड्रमरच्या कानात चार ठोक्यांची मोजणी द्या आणि रिफ ई-फ्लॅटमध्ये आहे हे गिटारवाल्याला आधी सांगून ठेवा. नेहमीच्या ट्युनिंगमध्ये सहावी तार ई पर्यंतच उतरते, ई-फ्लॅट त्याच्या अर्धा सूर खाली.