मित्रांसोबत केलेल्या जुन्या विनोदी नाटुकल्यांच्या टेप कशा जपाव्यात?

तुमचा प्रश्न असा आहे: कॉलेजच्या दिवसांत मित्रांनी मिळून बसवलेल्या विनोदी नाटुकल्यांच्या दहा-बारा टेप घरात पडून आहेत, काही ऑडिओ कॅसेट, काही हँडीकॅमच्या. त्या दुकानात देऊन पेन ड्राइव्हवर घेतल्या की झालं का? माझं उत्तर आहे, नाही. दुकानात जाण्याआधी आमची हकीकत वाचा.

मी सांगलीतल्या गावभागातला. 1995 पासून सात-आठ वर्षं आम्ही सहा मित्र गणपतीत मंडळापुढे प्रहसनं करायचो आणि एरवी एकाच्या माडीवर जमून नवीन काहीतरी बसवायचो. सुरुवातीला टू-इन-वनवर (रेडिओ आणि टेपरेकॉर्डर एकत्र) नुसता आवाज, पुढे एकाच्या मामांनी आणलेल्या मिनीडीव्ही कॅमेऱ्यावर (छोट्या डिजिटल टेपचा हँडीकॅम) चित्रीकरण. हळदीच्या सौद्यात रुमालाखाली बोटं दाबून भाव करणारे दोघे आणि एकाचीही बोटं दुसऱ्याला कळत नाहीत, हे आमचं लोकांनी सर्वांत उचलून धरलेलं प्रहसन. पडद्यावर आम्ही पाचजणच दिसतो. सहावा कॅमेरा धरायचा. पण माईक त्याच्या तोंडाशी, त्यामुळे प्रत्येक टेपवर सर्वांत स्पष्ट ऐकू येतं ते त्याचं दाबलेलं हसू. त्याला हसू आवरलं नाही की चित्र हलायचं आणि समोर आम्हाला कळायचं, जागा बरोबर लागली.

पुढे आम्ही तीन मिनीडीव्ही टेप एका दुकानात दिल्या. त्यांनी आपुलकीनं 'स्वच्छ' करून एक डीव्हीडी हातात ठेवली. चुकलेली वाक्यं, पुन्हा केलेली सुरुवात, हसणं, हललेलं चित्र, सगळं कापलेलं. मधल्या जागांत वाद्यसंगीत. शिवाय तासाभराची मिनीडीव्ही टेप संगणकावर जशीच्या तशी घेतली तर साधारण 13 जीबी होते. म्हणजे 39 जीबीचा ऐवज 4.7 जीबीच्या तबकडीत दाबून बसवला होता. आम्हाला तेव्हा हे कळलं नाही. काम झालं असं समजून मूळ टेप तळमजल्याच्या कपाटात ठेवल्या. 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी 57 फुटांवर गेली, तेव्हा ते कपाट तीन-चार दिवस पाण्यात होतं. पाणी ओसरल्यावर आम्ही टेप उन्हात वाळवल्या आणि तिथेच त्या कायमच्या गेल्या. चिखल वाळायच्या आत स्वच्छ पाण्यानं, मिळालं तर डिस्टिल्ड पाण्यानं, हलकेच धुऊन सावलीत, पंख्यापासूनही लांब वाळवायच्या असतात आणि वाळल्या तरी लगेच यंत्रात घालायच्या नसतात, हे नंतर समजलं.

मित्राचं हसू आज फक्त एका टेपवर आहे. ती कॅमेऱ्यातच अडकून माडीवर राहिली होती म्हणून वाचली.

म्हणून माझं सांगणं एवढंच: आधी सगळं जसंच्या तसं, न कापता, संगणकावर घ्या. आपल्याला जो कचरा वाटतो त्यातच मित्र असतात. विष्णुदास भाव्यांनी 1843 साली सांगलीत 'सीतास्वयंवर' रंगवलं, तेव्हा प्रेक्षक कुठे हसले, कुठे गप्प झाले, हे कुणालाच ऐकता येणार नाही. फोनोग्राफच 1877 चा. आपल्या हातात ते ऐकण्याचं साधन होतं आणि आपण वापरलंही. मग ते जपायला नको?

आता कामाचं. टेप हातात घेतल्यावर सर्वांत आधी तिच्यावर चुकून काही रेकॉर्ड होणार नाही याची सोय करा. ऑडिओ कॅसेटच्या आणि व्हीएचएसच्या (जुन्या मोठ्या व्हिडिओ कॅसेटच्या) कडेचा प्लास्टिकचा छोटा तुकडा तोडायचा, मिनीडीव्हीला सरकपट्टी असते. खिडकीतून रिळावर पांढरट भुरा दिसला तर ती बुरशी आहे. आपल्याकडच्या पावसाळ्यात ती धरतेच. ती टेप वाजवू नका. बुरशी यंत्राच्या हेडला, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागाला, लागते आणि तिथून पुढच्या चांगल्या टेपला. अशी टेप मात्र जाणकाराकडेच द्यावी.

ऑडिओ कॅसेटसाठी शक्य असेल तर ज्या टेपरेकॉर्डरवर रेकॉर्ड केलं तोच शोधा. प्रत्येक यंत्राच्या हेडचा कोन किंचित वेगळा असतो, आणि दुसऱ्या यंत्रावर आवाज दबका येतो तो बऱ्याचदा त्यामुळे. आमचा टू-इन-वन मित्राच्या आईनं जपून ठेवला होता. रबरी पट्टा नवीन घातला, हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसलं आणि वीस वर्षांपूर्वीचे शब्द लख्ख ऐकू आले. तिथून लहानशा यूएसबी साउंड कार्डातून लॅपटॉपवर, ऑडॅसिटी या मोफत प्रोग्रॅममध्ये. आवाजाची पातळी संवादांवर ठरवू नका, हशावर ठरवा. विनोदी टेपमध्ये सर्वांत मोठा आवाज हशाचाच असतो, आणि तो फाटला की पुन्हा जुळत नाही. फाइल वेव्हमध्ये (आवाज न दाबता ठेवणारा प्रकार) ठेवा, दाबलेली एमपी3 फक्त पाठवायला. खरखर काढायचा मोह झाला तर प्रतीवर काढा. ते फिल्टर टाळ्या आणि दबलं हसूही खरखर समजून खातात.

मिनीडीव्हीचं काम खरं तर सोपं आहे, पण केबल चुकली की बिघडतं. कॅमेऱ्याला यूएसबी असली तरी बऱ्याच मॉडेलांत ती फक्त फोटोंसाठी किंवा हलक्या दर्जाच्या चित्रासाठी असते. फायरवायर केबलच हवी, म्हणजे अशा कॅमेऱ्यातून डिजिटल चित्र थेट संगणकात नेणारी जुन्या पद्धतीची केबल. आजच्या लॅपटॉपला ते भोक नसतं, म्हणून डेस्कटॉपला फायरवायर कार्ड बसवायचं. टेपवर आहे तेच जसंच्या तसं येतं, आणि तासाच्या टेपला तासच लागतो. व्हीएचएस असेल तर चालू व्हीसीआर आत्ताच मिळवा. शेवटच्या कंपनीनं 2016 साली ते बनवणं बंद केलं.

यानंतर मूळ टेप टाकू नका. फाइलींच्या तीन प्रती करा: दोन वेगवेगळ्या डिस्कवर आणि एक दुसऱ्या गावी. आमची तिसरी प्रत विट्याला एका मित्राकडे आहे, कारण पूर आला तर सांगलीतली दोन्ही घरं एकदमच बुडतील. व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवलेली फाइल प्रत म्हणून धरू नका, ती दाबली जाते.

आणि एक काम यंत्राशिवाय करायचं आहे. सगळ्यांना एकदा एकत्र बसवा, टेप लावा आणि ते काय बोलतात ते मोबाईलवर रेकॉर्ड करा. हा आवाज कुणाचा, ही चाळ कुणाची, हा टोला कुठल्या सरांवर होता, हे आज सहाजणांना मिळून आठवतं, एकट्याला नाही. आम्ही ते ऐकून प्रत्येक फाइलशेजारी साध्या मजकुराची एक फाइल ठेवली: वर्ष, जागा, कोण कोण, कॅमेऱ्यामागे कोण. शेवटचा रकाना विसरू नका.

यूट्यूबवर टाकायचं असेल तर आधी प्रत्येकाला विचारा. विशीत केलेला एखादा विनोद पन्नाशीत एखाद्याला जगासमोर नको असतो, आणि त्याचा नकार मानायलाच हवा. आमच्यापैकी एकानं नको म्हटलं, ती नाटुकली आमच्यातच आहे.

कॅमेऱ्याचं मॉडेल इथे लिहा. खालच्या बाजूला छापलेलं असतं. कुठली केबल लागेल ते सांगतो.