संगीतातला सगळ्यात गाजलेला क्षण आणि सगळ्यात प्रभावी कलाकार कोण?

सगळे मायकल जॅक्सनचं नाव घेणार, आणि १९८३ चा तो टीव्हीवरचा मूनवॉक भारीच होता, त्यात वादच नाही. पण मी नाशिकचा, मला विचाराल तर वामनदादा कर्डक. आपल्याच सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे, जन्म १९२२ चा, शाळा नाही काही नाही, मोठेपणी मुंबईत अक्षरं शिकले आणि मग हजारो गाणी लिहिली, नुसती लिहिली नाहीत तर गावोगावी स्वतः गायली पण. बाबासाहेब घराघरात पोचले ते या गाण्यांतून. २००४ मध्ये गेले. १४ एप्रिलला नाशिकरोडला या एकदा, डीजेच्या दणदणाटातही (तो जरा कमी असता तर बरं) त्यांचं गाणं ऐकू येतंच.