भावाला दुबईला पाठवताय? वर्क परमिट कंपनी काढते, एजंट नाही

तुम्ही लिहिलंय ते एवढं: धाकटा भाऊ, केज तालुका, दहावी आणि आयटीआय इलेक्ट्रिशियन, दुबईच्या एका कंत्राटदार कंपनीत काम मिळतंय. गावातला एजंट दीड लाख मागतोय. तो म्हणतो, आधी व्हिजिट व्हिसावर जाऊ द्या, परमिट तिकडे गेल्यावर निघतं, फक्त त्याआधी पासपोर्टवरचं ईसीआर (‘एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड’, म्हणजे परदेशी नोकरीला जाताना सरकारी तपासणी लागेल असा शेरा) काढून घ्या.

सगळी मेख त्या ईसीआरमध्ये आहे, म्हणून तिथूनच सुरू करतो.

ईसीआर असलेल्या माणसाला यूएई (संयुक्त अरब अमिराती, दुबई याच देशात), सौदी, कतार, कुवेत, ओमान अशा १८ देशांत नोकरीला जाताना भारत सरकारची एमिग्रेशन क्लिअरन्स, म्हणजे जायची मंजुरी, लागते. दहावी पास माणसाला ती लागत नाही. भावाच्या पासपोर्टवर तरीही ईसीआर आलं, म्हणजे अर्जासोबत दहावीचा पुरावा दिला गेला नसणार. दहावीचा मेमो (गुणपत्रक) आणि सनद लावून री-इश्यूचा अर्ज केला की ते निघतं. साध्या ३६ पानी पासपोर्टची फी १५०० रुपये. त्यात गैर काही नाही. पण एजंटला घाई कशाची आहे, ते ओळखा. ईसीआरवाला नोकरीला निघाला की कंपनीचं नाव, पगार आणि करार भारत सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर चढवावा लागतो, त्याशिवाय क्लिअरन्स मिळत नाही. व्हिजिट व्हिसावर माणूस पाठवायचा तर ही नोंदच अडचणीची. मुंबई विमानतळावर ईसीआर पासपोर्ट आणि व्हिजिट व्हिसा घेऊन उभ्या असलेल्या पोराला इमिग्रेशनवाले हमखास बाजूला घेतात. पहिल्यांदाच जाणाऱ्यासाठी हे ईसीआर म्हणजे कटकट कमी आणि राखण जास्त. माझं मत विचाराल तर या खेपेला ते राहू द्या, आणि क्लिअरन्स घेऊनच पाठवा.

आता परमिट. यूएईत वर्क परमिटचा अर्ज कामगार करतच नाही. तो कंपनी करते. कंपनी आधी कामगार मंत्रालयाकडून माणूस आणायची मंजुरी घेते. (या मंत्रालयाला तिकडे सगळे ‘मोहरे’ म्हणतात.) मग त्याच मंत्रालयाच्या नमुन्यातलं ऑफर लेटर तयार होतं, ते भावाकडे येतं आणि तो सही करतो. त्यावर परमिटची प्राथमिक मंजुरी निघते आणि शेवटी नोकरीचा एंट्री परमिट. हा सगळा प्रवास माणूस इकडे घरी असताना होतो. एंट्री परमिट निघाल्यापासून ६० दिवसांत तिकडे उतरायचं असतं. उतरल्यावर मेडिकल, बोटांचे ठसे, एमिरेट्स आयडी (तिकडचं ओळखपत्र) आणि रेसिडेन्स (राहण्याचा परवाना), तेही ६० दिवसांत. कंपनी फ्री झोनमधली (स्वतःचे वेगळे नियम असलेल्या व्यापारी क्षेत्रातली) असेल तर मोहरेच्या जागी त्या झोनचं प्राधिकरण परमिट देतं, बाकी क्रम तोच.

व्हिजिट व्हिसावर काम करणं तिकडे बेकायदा आहे. परमिट नसलेला माणूस कामावर ठेवला तर कंपनीला १ लाख ते १० लाख दिरहम दंड, ही तरतूद २०२४ ची. त्यामुळे धाड पडली की कंपनी हात वर करते, ‘हा आमचा माणूसच नाही’ म्हणते, आणि पगाराची तक्रार करायला भावाकडे कागद नसतो.

एजंटने व्हॉट्सअॅपवर पाठवलेलं कंपनीच्या लेटरहेडवरचं पत्र म्हणजे ऑफर लेटर नव्हे. मंत्रालयाच्या पत्रावर व्यवहार क्रमांक असतो आणि तो मोहरेच्या वेबसाइटवर किंवा अॅपवर तपासता येतो. ते अरबी आणि इंग्रजीत असतं, पण सोबत कामगाराच्या भाषेतली प्रत द्यायचा नियम आहे. मराठी त्या यादीत नाही, हिंदी आहे. हिंदी प्रत मागा आणि घरात बसून ओळीने वाचा.

वाचताना एकूण पगारावर थांबू नका, बेसिक किती ते बघा. समजा एकूण १५०० दिरहम आहेत. एका पत्रात बेसिक ८०० आणि बाकी भत्ते, दुसऱ्यात बेसिक १३०० आणि भत्ते २००. हातात सारखेच. पण ओव्हरटाइम बेसिकवर निघतो, तासाचा दर अधिक किमान २५ टक्के. पहिल्यात तासाला साधारण ४.१७ दिरहम पडतात, दुसऱ्यात ६.७७. ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना मिळणारी रक्कम, तीही बेसिकवरच, वर्षाला २१ दिवसांची. दोन वर्षांनी परत येताना पहिल्याच्या हातात ११२० येतील, दुसऱ्याच्या १८२०. नंतर सही होणारा करार या ऑफरपेक्षा कमी असू शकत नाही, म्हणून भांडायचं ते इथेच, सही करण्याआधी.

एंट्री परमिट आल्यावर त्यावर तीन गोष्टी बघा. प्रकार नोकरीचा आहे का, हुद्दा इलेक्ट्रिशियनच आहे का (‘लेबर’ लिहिलेलं असेल तर परत पाठवा), आणि स्पॉन्सरचं नाव ऑफरवरच्याच कंपनीचं आहे का. दुबईतून निघालेल्या परमिटचा फाइल नंबर २०१ ने सुरू होतो.

आपल्याकडच्या पोरांची कागदं अडतात ती नावावर. बोर्डाच्या सनदेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, आणि पासपोर्टमध्ये कुणीतरी आडनावाचा रकाना कोरा सोडलेला. एकेरी नावाचा पासपोर्ट यूएईला चालत नाही, हे २०२२ च्या नोव्हेंबरपासून. तसं असेल तर आधी दुरुस्ती, मग बाकी सगळं. दुसरं, शाळेत नाव घालताना मास्तरांनी टाकलेली १ जून ही जन्मतारीख. जन्माच्या दाखल्यावर वेगळी तारीख असेल तर पासपोर्टवर जी आहे तीच सगळीकडे चालवा, मध्येच बदलू नका. आणि धाराशिव किंवा छत्रपती संभाजीनगरचे जे वाचक असतील त्यांनी जिल्ह्याच्या नामांतराच्या २०२३ च्या राजपत्राची प्रत जवळ ठेवावी, जुन्या सनदेवर जुनं नाव आणि नव्या दाखल्यावर नवं, हा घोळ त्याने सुटतो.

आयटीआयचं प्रमाणपत्र अटेस्ट करायचं म्हणून वेगळे पैसे मागितले तर कंपनीचं लेखी मागणं दाखवा म्हणावं. कुणी ‘अपोस्टिल करून देतो’ म्हणाला तर त्याला यूएईचं काम माहीत नाही असं धरा. अपोस्टिल म्हणजे करारातले देश एकमेकांची कागदपत्रं मानतात तो एकच शिक्का; यूएई त्या करारात नाही, तिथे राज्य, परराष्ट्र मंत्रालय आणि मग यूएई दूतावास असे शिक्के लागतात.

पैशांचं बघू. नोंदणीकृत एजंट जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३५,४०० घेऊ शकतो, पावती देऊन. यूएईच्या २०२१ च्या कामगार कायद्यात भरतीचा खर्च कामगाराकडून घ्यायला बंदी आहे, व्हिसाचा खर्च कंपनीचाच. म्हणजे दीड लाख कशाचे? ऊसतोडीत निदान मुकादम आपल्याला उचल देतो, इथे आपणच मुकादमाला उचल देतोय. त्यात ते पैसे शेकडा तीनने काढले तर महिन्याला साडेचार हजार व्याज, भाऊ विमानात बसायच्या आधीपासून सुरू.

एजंटकडे परवाना क्रमांक मागा आणि ई-मायग्रेटवरच्या यादीत तो चालू आहे का बघा. ‘मुंबईवाल्या साहेबांचं लायसन आहे, मी त्यांचा माणूस’ हे उत्तर चालत नाही, सबएजंटला कायद्यात जागा नाही. खरा असेल तर थेट मुंबईच्या ऑफिसच्या खात्यात पैसे भरायला सांगेल.

क्लिअरन्सच्या वेळी प्रवासी भारतीय विमा योजनेची पॉलिसी निघते, दोन वर्षांचे २७५ रुपये अधिक कर, अपघाती मृत्यूला किंवा कायमच्या अपंगत्वाला १० लाखांचं संरक्षण. हे चुकवू नका. आधी कधी टीबी झाला असेल तर बीडलाच छातीचा एक्स-रे काढून डॉक्टरांना दाखवा, तिकडे मेडिकल पडलं तर परत पाठवतात.

तिकडे गेल्यावर पासपोर्ट कंपनीने ठेवून घ्यायचा नसतो, कायदाच आहे. बेरोजगारी विमा मात्र भावानेच काढायचा, महिन्याला ५ दिरहम, नाही काढला तर ४०० दंड. आणि भारतीय दूतावासाच्या मदत केंद्राचा यूएईतला टोल फ्री नंबर ८००४६३४२ त्याच्या फोनमध्ये निघायच्या आधीच सेव्ह करून द्या.

एजंटचा परवाना क्रमांक आणि मंत्रालयाचं ऑफर लेटर हाती आलं की इथे टाका, पासपोर्ट नंबर झाकून. बेसिक आणि हुद्दा बघून पुढचं सांगतो.