शेवटची एसटी आणि अकरा सर्टिफिकिटं

गौरी-गणपती आटोपले, चाकरमानी परत मुंबईला गेले, की कोकणातल्या कॉलेजांत कार्यशाळांचं पीक येतं. जून-जुलैत प्रवेशाची गडबड, ऑगस्टात पाऊस आणि आरत्या, मग उरलेलं सगळं सप्टेंबर-ऑक्टोबरात कोंबायचं. नोटीसबोर्डावर कागदावर कागद चिकटतात आणि एफ.वाय.ची मुलं त्याखाली गोंधळून उभी राहतात. वनस्पतीशास्त्र शिकवता शिकवता बरीच वर्षं मीच या कार्यशाळा भरवायची, त्यामुळे त्या कागदांमागचं राजकारणही मला ठाऊक आहे. या वेळी आलेल्या पत्रांपैकी सहांना उत्तरं देते.

प्रश्न : मी गुहागर तालुक्यातल्या एका वाडीतून चिपळूणला कॉलेजला येते. कार्यशाळा नेहमी दुपारी तीन ते पाच असते. माझी गाडी सव्वाचारला सुटते. त्यानंतर थेट वस्तीची गाडी, ती फाट्यावर रात्री साडेआठला सोडते आणि पुढे अर्धा तास चालायचं. घरचे नको म्हणतात. मी मधूनच उठून जाते, तर प्रमाणपत्र मिळत नाही.

घरच्यांचं बरोबर आहे. यात बदलायला हवं ते कॉलेजने.

आधी माझा गुन्हा कबूल करते. मीही सलग चार वर्षं दोन ते पाच हीच वेळ ठेवली होती. कारण साधं होतं. पाहुणे मुंबईहून जनशताब्दीने यायचे, मग चहा, मग जेवण, मग दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, परिचय. प्रत्यक्ष कामाला हात लागायला साडेतीन. आणि पावणेचारला मागच्या बाकांवरच्या मुली दप्तर छातीशी धरून, वाकून, एकेक करत बाहेर पडायच्या. मला वाटायचं, यांना रस नाही. एकदा एकीच्या मागोमाग मी स्टँडपर्यंत गेले तेव्हा कळलं, त्या फलाटावर माझी अर्धी कार्यशाळा उभी होती.

तुम्ही एकटीने तोंडी सांगू नका. त्याच बाजूने येणाऱ्या सहा-सात जणींनी मिळून प्राचार्यांना अर्ज द्या. त्यात प्रत्येकीचं गाव, गाडी सुटण्याची वेळ आणि पुढची गाडी कधी, असा तक्ता जोडा. 'वेळ गैरसोयीची आहे' या वाक्याने कोणी हलत नाही. 'या वर्गातल्या इतक्या मुलींची गाडी सव्वाचारला आहे' याने हलतात. मागणीही नेमकी करा : प्रात्यक्षिक सकाळच्या सत्रात घ्या, भाषणं दुपारी. नाहीतर शनिवारी दहा ते एक.

दुसरा अर्ज एसटीच्या आगार व्यवस्थापकांना, पण कॉलेजच्या लेटरहेडवर आणि प्राचार्यांच्या सहीने. विद्यार्थी पासवर तुम्ही भाड्याचा तिसरा हिस्साच भरता, म्हणून बऱ्याच मुलांना वाटतं की आपण काही मागू नये. तसं नाही. पासधारक किती, हे आगाराला कळलं की गाडी वीस मिनिटं पुढे ढकलणं जमू शकतं. आमच्याकडे एकदा जमलं, दोनदा नाही जमलं.

आणि मधे उठून जावं लागलंच, तर आधी सांगून जा. वाकून जाऊ नका.

प्रश्न : मी मालवणकडचा. घरात मालवणीच. व्यक्तिमत्त्व विकासाच्या कार्यशाळेत मला दोन मिनिटं इंग्रजीत बोलायला उभं केलं. मी 'माका जमाचा नाय' म्हणून खाली बसलो, सगळे हसले. पाहुणे म्हणाले, आधी भाषा सुधारा. आता कुठल्याच कार्यशाळेला जावंसं वाटत नाही.

त्या पाहुण्यांना सांगायला हवं होतं की मालवणी ही बिघडलेली मराठी नव्हे. पण ते आता गेले, पाकीटही घेऊन गेले. आपण तुमचं बघू.

आमच्या इतिहास विभागाने एकदा कातळशिल्पांची, म्हणजे कातळात कोरलेल्या जुन्या चित्रांची, कार्यशाळा घेतली होती. २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत उक्षी, जांभरुण, काशेळी, बारसू आणि सिंधुदुर्गातलं कुडोपी ही नावं गेली आणि मग सगळ्यांनाच सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या माळावर, जायची घाई झाली. आमची कार्यशाळा त्याच्या बरीच आधीची. काशेळीचा हत्ती जवळजवळ अठरा मीटरचा आहे. आम्ही निवडला होता तीन मीटरचा मासा, कुठल्याही यादीत नसलेला. पद्धत सोपी होती : जांभ्यावर एक-एक मीटरचे दोरीचे चौकोन पाडायचे, प्रत्येक चौकोनाला आलेखाच्या कागदावर पाच सेंटिमीटर धरायचे आणि कोरीव रेघ चौकोनाची कड कुठे ओलांडते ते मोजून बिंदू मांडत जायचं. खडू लावायचा नाही, पाणी ओतायचं नाही, फक्त मऊ झाडूने माती सारायची.

दुपारी बारा वाजता आम्ही पोचलो. ऑक्टोबरचं ऊन, कातळ तापलेला. पाहुणे दोरी घेऊन फिरत होते आणि माशाची शेपटी काही सापडेना. वर्गात कधी तोंड न उघडणारा एक मुलगा, राजापूरकडचा, गुरांमागे तिथेच वाढलेला, हळूच म्हणाला, "मॅडम, आता नाय दिसायचं. उन्हं उतरली की दिसतं. नायतर सकाळी." पाहुण्यांनी दोरी खाली ठेवली. ऊन तिरपं असलं की उथळ रेघेत सावली साचते आणि चित्र उठून दिसतं. हे त्यांना पुस्तकातून माहीत होतं, पण आमचं वेळापत्रक आम्ही जेवणाच्या हिशोबाने लावलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला तोच मुलगा पुढे आणि आम्ही मागे. शेपटी सापडली. पुढचे दोन तास पाहुणे त्यालाच विचारत होते : पाणी कुठे साठतं, कुठल्या भागात गवत आधी येतं, गावातली म्हातारी माणसं याला काय म्हणतात. तो त्याच्या बोलीत सांगत होता आणि पाहुणे वहीत लिहून घेत होते.

म्हणून तुम्ही असं करा. पुढचे दोन-तीन महिने जिथे नुसतं बोलायचं असतं अशा कार्यशाळा सोडा. हाताला काम असेल तिथे जा : मोजणी, कलम बांधणी, फोटोग्राफी, प्रथमोपचार, मासे टिकवणं. हात कामात असले की तोंड आपोआप उघडतं. इंग्रजीचंही सोडू नका, पण 'माय एम इन लाइफ'वर नको. तुम्ही रापण बघितली असेल, कदाचित ओढलीही असेल. होडी जाळं कसं सोडत जाते, किनाऱ्यावर दोन्ही टोकांचे दोर कोण धरतं, आलेल्या मासळीचे वाटे कसे पडतात, यावर इंग्रजीत आठ वाक्यं लिहा. साधी, चुकली तरी चालतील. शिक्षकांकडून तपासून घ्या आणि मोठ्याने म्हणा. जे आपल्याला समोरच्यापेक्षा जास्त माहीत आहे, त्यावर बोलताना पाय कमी कापतात.

प्रश्न : मुलगा दापोलीत पहिल्या वर्षाला आहे. बाहेरच्या एका संस्थेची दोन दिवसांची 'आंतरराष्ट्रीय' कार्यशाळा आहे म्हणतो, अडीच हजार रुपये मागतो. मिस्टर बोटीवर असतात, पैशाचं मलाच बघावं लागतं. द्यावेत का?

ताई, मुलाला तीन गोष्टी विचारा. शिकवणारा कोण आणि तो स्वतः ते काम करतो का? बारा तासांतले किती तास मुलगा स्वतः काही करणार, किती तास नुसता पडदा बघणार? पैशांची पावती कॉलेजची मिळणार की कोणाच्या तरी मोबाइलवर पाठवायचे? तिसऱ्याचं उत्तर चाचरत आलं, तर पहिली दोन ऐकायचीही गरज नाही. 'आंतरराष्ट्रीय' म्हणजे बहुतेक वेळा परदेशातले कोणीतरी ऑनलाइन वीस मिनिटं बोलणार, त्यातली दहा रेंज शोधण्यात जाणार.

अडीच हजार ठेवून द्या. केंद्र सरकारच्या 'स्वयम' पोर्टलवर २०१७ पासून अभ्यासक्रम फुकट शिकता येतात, परीक्षा द्यायची असेल तरच फी. शिवाय दापोलीत राहून कार्यशाळा बाहेर शोधायची म्हणजे कमालच आहे. १९७२ पासून कृषी विद्यापीठ तुमच्या दारात आहे. तिथे कुठली प्रशिक्षणं चालू आहेत, याची मुलालाच चौकशी करायला पाठवा. आंब्याचं कोय कलम नीट बांधता आलं तर पावसाळ्यात चार पैसे मिळवून आणेल, मागणार नाही.

प्रश्न : अलिबागला एफ.वाय.बी.कॉम.ला आहे. वर्कशॉप कम्पल्सरी आहेत का? क्रेडिट मिळतं का?

काही आहेत, काही नाहीत. नवं शैक्षणिक धोरण संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून आलं. त्यातले कौशल्याचे आणि सहअभ्यासक्रमाचे विषय तुमच्या गुणपत्रिकेवर येतात. त्यांचाच भाग म्हणून असलेली कार्यशाळा चुकवू नका. बाकीच्या ऐच्छिक. हिशोब असा : एक क्रेडिट म्हणजे पंधरा तास शिकवणं किंवा तीस तास प्रात्यक्षिक. सहा तासांच्या एका दिवसाला कोणी 'एक क्रेडिट' म्हणत असेल, तर बाकीचे तास कुठे, हे विचारा. क्रेडिट बँकेत, म्हणजे विद्यार्थ्यांची क्रेडिटं ऑनलाइन नोंदवणाऱ्या सरकारी व्यवस्थेत, तुमच्या खात्यात तेच जमा होतं, जे संस्था कळवते. रंगीत प्रमाणपत्र तिथे भरता येत नाही. एनएसएस (राष्ट्रीय सेवा योजना) घेतलं असेल तर तो हिशोब वेगळा, दोन वर्षांत २४० तास आणि सात दिवसांचं शिबिर.

प्रश्न : मी देवगडची. पहिल्याच सेमिस्टरला अकरा सर्टिफिकिटं झाली. मैत्रिणी म्हणतात वेड लागलंय. पुढे नोकरीला उपयोग होईल ना?

फाइल घेऊन बसा आणि प्रत्येक सर्टिफिकिटाच्या मागे पेन्सिलीने एक वाक्य लिहा : 'यामुळे मला अमुक करता येतं.' 'माहिती मिळाली' चालणार नाही. किती मागे कोरे राहतात ते बघा. मुलाखत घेणारा तेच विचारतो, फक्त जरा गोड बोलून.

मी हर्बेरियमची कार्यशाळा घ्यायची. चाळीस मुलं यायची, सगळ्यांना प्रमाणपत्र मिळायचं. वनस्पती दाबून, वाळवून, ४२ बाय २९ सेंटिमीटरच्या जाड कागदावर चिकटवायची. ऐकायला सोपं, पण ऑगस्टात कोकणात काही वाळतं का? वर्तमानपत्राचे कागद रोज बदलावे लागतात, नाहीतर तिसऱ्या दिवशी बुरशी. एका वर्षी चाळिसातल्या एकोणचाळीस जणांचे नमुने काळे पडले. एकीचे मात्र हिरवे राहिले. तेरडा, सोनकी, सड्यावरच्या डबक्याकाठची सीतेची आसवंसुद्धा. तिने दाबपट्टी चुलीच्या वरच्या फळीवर ठेवली होती, जिथे तिची आई सुकट ठेवायची. कागद सकाळ-संध्याकाळ बदलले, काढलेले चुलीपाशी वाळवून परत वापरले. तिच्या शीटना आजही सुकटीचा वास येतो, विभागाच्या कपाटात आहेत. कार्यशाळा दोन दिवसांची होती. ती शिकली पुढच्या तीन आठवड्यांत.

पुढच्या सेमिस्टरला दोनच निवडा. आणि हो, वेड लागलेलं नाही. नोटीसबोर्डासमोर सगळ्यांचंच असं होतं.

प्रश्न : मी सावंतवाडीजवळच्या कॉलेजात नवीन प्राध्यापक आहे. कार्यशाळा समितीचं काम माझ्या गळ्यात पडलंय. मुलं समोशापुरती येतात. अभिप्रायाच्या फॉर्मवर मात्र सगळे 'उत्कृष्ट' लिहितात. काय करू?

सर, समोशाला नावं ठेवू नका. सकाळी सहाची गाडी धरून आलेल्या मुलाच्या पोटात दुपारपर्यंत काही नसतं. समोसा आधी द्या, शेवटी नको. शेवटी ठेवला की मुलं त्याची वाट बघत बसतात आणि आपल्याला वाटतं, ऐकतायत.

संख्या पंचवीसवर आणा. दोनशेच्या सभागृहात होते ती सभा. शाल-श्रीफळ मोडीत काढायला वर्षभर लागेल, वरिष्ठ रुसतील, पण निदान ते शेवटी तरी न्या. तारखा ठरवताना पंचांग शेजारी ठेवा : गणपतीच्या आधीचा आणि नंतरचा आठवडा सोडा, शिमग्याचे दिवस सोडा, गावच्या जत्रांचे दिवस मुलांनाच विचारा. मासेमारीची बंदी ३१ जुलैला संपते. बोटीवर जाणाऱ्या घरांतली मुलं ऑगस्टच्या सुरुवातीला वर्गात असतात, पण लक्ष बंदरावर असतं.

'उत्कृष्ट'चा फॉर्म बंद करा. एक कोरी चिठ्ठी द्या, नाव नको, प्रश्न एकच : आज कुठे कंटाळा आला? पहिल्या वेळी मला आलेल्या चिठ्ठ्यांत नऊ जणांनी लिहिलं होतं, 'मॅडमच्या प्रास्ताविकात.' प्रास्ताविक मी पाच मिनिटांवर आणलं.

जिओटॅगचा, म्हणजे ठिकाणाची नोंद असलेला, फोटो तेवढा सुरुवातीलाच काढून ठेवा, सगळे जागेवर असताना. नॅकच्या, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या, अहवालाला तो लागतोच आणि सव्वाचारनंतर फोटोत निम्म्या खुर्च्या रिकाम्या दिसतात.