ईसीजी नॉर्मल, मग नाडी का चुकते?

प्रश्न : आईचं वय ६८. घरच्या बीपी मशीनवर अधूनमधून हृदयाचं चिन्ह लुकलुकतं, त्याच वेळी तिला धडधडतं. ईसीजी नॉर्मल आला, तरी डॉक्टर होल्टर (अंगावर बाळगायचं छोटं ईसीजी यंत्र) लावायला सांगतात. लावावा का?

उत्तर : लावावाच. ईसीजी ही जेमतेम १० सेकंदांची नोंद. तेवढ्यात धडधडलं नाही, तर कागदावर उमटणार काय? होल्टर २४ ते ४८ तास नोंद ठेवतो. आदल्या रात्री छातीला तेल किंवा बाम नको, पट्ट्या सुटतात. त्या लावून आंघोळ करता येत नाही. मात्र आईंना झोपवून ठेवू नका. रोजची कामं करू द्या आणि धडधडलं की घड्याळ बघून वेळ लिहा. ही वही नसेल तर निम्मी तपासणी वाया.

तोवर चिन्ह दिसलं की अंगठ्याच्या मुळाशी, मनगटावर दोन बोटं ठेवून नाडी पूर्ण ६० सेकंद मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका, गडबड नेमकी तिथेच निसटते. लय सरळ, मध्येच एक ठोका गाळल्यासारखा आणि पुढचा जोरात, असं असेल तर तो बहुधा आगाऊ पडलेला ठोका, सहसा निरुपद्रवी. पण कुठल्याच दोन ठोक्यांतलं अंतर सारखं नसेल, तर शंका एट्रियल फिब्रिलेशनची. यात हृदयाचे वरचे कप्पे आकुंचन न पावता नुसते थरथरतात, मिनिटाला ३५० हून अधिक वेळा. वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधली एव्ही गाठ (विजेचे संदेश पुढे पाठवणारा भाग) त्यातले थोडेच संदेश, तेही वेडेवाकडे, खाली सोडते. डाव्या वरच्या कप्प्याच्या पिशवीसारख्या कोपऱ्यात रक्त साकळतं आणि गुठळी मेंदूकडे गेली की पक्षाघात. खरी भीती धडधडीची नाही, याची आहे. आणि त्यावर ॲस्पिरिन पुरत नाही.

भोवळ आली, छातीत दुखलं, तोंड वाकडं झालं किंवा बोलणं अडखळलं, तर होल्टरची वाट न पाहता थेट इस्पितळ गाठा.

प्रश्न : हृदयाची झडप आकसल्यामुळे वडिलांना वॉरफरिन (रक्त गोठू न देणारी गोळी) चालू आहे. पालेभाज्या बंद कराव्यात?

उत्तर : नको. पालक-मेथीतलं के जीवनसत्त्व गोळीच्या विरुद्ध काम करतं, म्हणून प्रमाण दर आठवड्याला साधारण सारखं ठेवा. आठवडाभर काहीच नाही आणि श्रावणात रोज, असं झालं की आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो, ते सांगणारा आकडा) डगमगतो. तो सहसा २ ते ३ मध्ये हवा. दुखण्यावरच्या गोळ्या मात्र विचारल्याशिवाय घेऊ देऊ नका, रक्तस्राव होऊ शकतो.